काळटेकाच्या वळणावरचा भोंगा

मी एक जुना भोंगा हाय, मित्रांनो. पितळेचा. मागं काळ्या रबराचा फुगा, तो दाबला की पुढनं आवाज. आता फुगा फाटलाय, पितळ हिरवं पडलंय, नि मला एका उंबराच्या फांदीला तारेनं टांगलंय. वारा आला की डुलतो. दुसरं काम न्हाय. म्हणून म्हटलं, तुमास्नी माझी गोष्ट सांगावी. मधी बोलू नका. मला राग लवकर येतो.

माझा जन्म कोल्हापुरातला. एक तांबट हुता, तो लग्नाच्या बँडवाल्यांची वाजिंत्रं दुरुस्त करायचा. एका फुटक्या कर्ण्याचं पितळ उरलं, त्यातनं त्यानं मला घडवलं. हातोडी बसत हुती तवा मी शेजारी बघून घेत हुतो. चकचकीत कर्णे, लाल गोंडे लावलेले. मला वाटलं, आपण बी वरातीत जाणार. नवरदेवाच्या घोड्याफुडं वाजणार, बाया दारात येणार, पोरं मागं पळत येणार. आणि शेवटच्या दिवशी त्या तांबटानं काय करावं? माझ्या बुडाला रबरी फुगा बसवला नि म्हणाला, "झाला भोंगा." संपली माझी वरात.

मला घेतलं एका दगडाच्या ठेकेदारानं, त्याच्या काळ्या फोर्ड मोटरीसाठी. मोठ्या लढाईचे दिवस हुते. जिकडंतिकडं खडी लागत हुती. ठेकेदारानं जोतिबाच्या वाटंवरची एक टेकडी धरली. काळटेक तिचं नाव. पायथ्याला झरेवाडी नावाचं बारकं गाव. कामावर मुकादम हुता अण्णाप्पा. उंच, हाडकुळा, गळ्यात लिंग, बोलणं कमी. नि गंमत बघा, तो झरेवाडीचाच जावई. त्याची बायको दानम्मा ह्याच काळटेकावर शेळ्या राखून मोठी झालेली.

दगड बघायला एकदा एक साहेब आलता. त्यानं अण्णाप्पाला सांगितलं, की ही टेकडी म्हंजे थंड झालेली आग. लय लय वर्सांमागं भुई फाटली, आतनं वितळलेला दगड वर आला, पसरला, थंड झाला. मग परत आला, त्याच्यावर पसरला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसं. अण्णाप्पाला ते एवढं आवडलं की घरी जाऊन त्यानं दानम्माला सांगितलं.

दानम्मा म्हणाली, "भाकरी हाय म्हणून खातासा व्हय सगळी?"

दुसऱ्या दिवशी तो परत कामावर गेला.

सुरुंग लावायच्या आधी पयल्यांदा लाल निशाण हालवायचे. पण गाव वळणाच्या आड, तिथनं निशाण दिसायचं न्हाय. म्हणून अण्णाप्पानं मला मोटरीवरनं काढलं नि वळणावर उभा ऱ्हायला. तीन लांब हाका. पों, पों, पों. गावाला ते ठावं झालं. तीन हाका आल्या की बाया पोरांना काखेत मारून आत पळायच्या. म्हशी गोठ्यात कोंबायच्या. ज्याला घर लांब, तो घमेलं डोक्यावर पालथं घालून भिंतीला चिकटायचा. दगड उडून येत हुते, मग काय करतील?

मला मात्र आतनं जळायचं. मी वाजलो की माणसं येतील, असं मला वाटलं हुतं. हितं मी वाजलो की माणसं पळत हुती. रोज.

काळटेकाच्या कुशीत एक झरा हुता. त्याच्यावरच अख्खं गाव. एका उन्हाळ्यात एक मोठा सुरुंग उडाला नि झरा गेला. दुसऱ्या दिवशी बाया घागरी घेऊन आल्या, तर नुसता वला दगड. तिसऱ्या दिवशी तो बी वाळला.

दानम्माचा धाकटा भाऊ केरबा वर खाणीवर आला. जोतिबाला नवस बोलून झालेलं पोर, बहिणीच्या कडंवर वाढलेलं. आता बाप्या झालता. त्यानं अण्णाप्पाकडं बघितलंच न्हाय. भाकरी घेऊन आलेल्या बहिणीला म्हणाला, "अक्का, आता मी बोलवीन तवाच ये. त्याच्या आधी नगं."

दानम्मानं भाकरीचं फडकं तिथंच दगडावर ठेवलं. तिच्या तोंडाकडं मला बघवलं न्हाय. नि मला तर सगळंच दिसतं.

लढाई मिटली. खडी लागंनाशी झाली. ठेकेदार दुसऱ्या गावाला गेला नि ती खटारा मोटर मुकादमाच्या दारात सोडून गेला. अण्णाप्पा बी थकलेला, त्यानं काम सोडलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्या, दारात मोटर, मोटरीवर मी. कोंबड्या शिटावर अंडी घालायच्या. शेजारणी मोटरीच्या दांडीवर चोळ्या वाळत घालायच्या. एकदा तर माझ्या तोंडावर लंगोट! मी तापलो, पण कुणी दाबल्याबिगर मी वरडणार कसा?

दरसाल पंचमी यायची. नागपंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. पेठेतल्या बाया मुराळ्याबरोबर जायाच्या, हातात कापडाचं बोचकं, तोंडभर हसू. दानम्मा दारात तांदूळ निवडत बसायची. निवडलेलं तांदूळ परत निवडायची. प्रत्येक पागोटं लांबनं केरबाचंच वाटायचं तिला. जवळ आलं की दुसऱ्याचं. राज्य बदललं, संस्थान गेलं, रस्त्यावर सरकारी लाल मोटारी आल्या. केरबा काय आला न्हाय.

मग एका दसऱ्याला आपट्याची पानं पदरात बांधून ती बाहेर आली.

"मोटर चालतीय का?"

"चालतीय की," अण्णाप्पा म्हणाला. "का?"

"झरेवाडीला जायाचं."

अण्णाप्पाच्या हातातलं पान तसंच ऱ्हायलं, चुना लावलेलं. "बोलावणं आलं?"

"सोनं द्यायला बोलावणं लागत न्हाय."

"अगं, तू थोरली. सोनं घेऊन धाकट्यानं यायचं असतंय."

"मग मी धाकटी हुते. तुमचं काय जातंय?"

त्याचं काय जाणार? तो उठला, कोंबड्या हुसकल्या, दांडा फिरवला. मोटर खोकली, थुकली, चालू झाली. बसायच्या आधी दानम्मा माझ्याजवळ आली. मला वाटलं, पुसती. तिनं कमरेचं एक निळं फडकं काढलं नि माझ्या तोंडात कोंबलं!

"ह्यो वाजवायचा न्हाय," ती म्हणाली. "माझ्या गावात ह्येचा आवाज नगं."

माझा काय गुन्हा हुता, सांगा? पण फडकं तोंडात असल्यावर कोण ऐकतंय.

पंचगंगेचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूला ऊस. केर्लीच्या अलीकडं एक गवताची गाडी आडवी. गाडीवान वर गवतात झोपलेला. अण्णाप्पानं हाळ्या दिल्या. गाडीवान घोरत हुता. मग अण्णाप्पानं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "एकडाव. हळू."

फडकं निघालं. एवढ्या वर्सांत तोंड उघडलं नि मी हळू वाजू? मी वाजलो! गाडीवान टाणकन उठून बसला.

"ओ पावणं! घरला आग लागलीया व्हय? बैल बुजतील की माझं!"

"झोपायला गाडी, नि जागं ऱ्हायला बैल व्हय रं?" दानम्मा म्हणाली.

"मावशी, बैलास्नी वाट ठावी हाय. मी कशाला जागं ऱ्हाऊ?"

ती हसली. तिला मी पयल्यांदा हसताना बघितलं. नि त्या हसण्यात फडकं शिटावर पडलं, ते तिथंच ऱ्हायलं.

मग काळटेक दिसायला लागला. लांबनं. आमी सोडला तवा तो डोंगर म्हंजे सोललेला बैल हुता. काळा, उघडा, पाखरू बसायचं न्हाय.

"हिरवं दिसतंय की," अण्णाप्पा म्हणाला.

"गवत असंल."

"गवत तर गवत. गवत काय कमी हाय?"

दानम्मा पदरातली गाठ चाचपत हुती. "केरबानं दार लावून घेतलं तर?"

"तर उंबऱ्यावर सोनं ठेवायचं नि माघारी यायचं."

"आनि पाणी? माहेरचं पाणी पिल्याबिगर माघारी येऊ?"

पाणी हुतंच कुठं?

आणि ते वळण आलं. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, माझी चूक न्हाय. अण्णाप्पाची बी न्हाय, त्याच्या हाताची. त्या वळणावर त्या हातानं वर्सानुवर्सं एकच काम केलं हुतं. डोकं म्हातारं झालं, पण हात तिथंच उभा हुता. अण्णाप्पा डोंगराकडं बघत हुता नि हात आपला आपण माझ्याकडं आला.

पों. पों. पों.

झरेवाडीत काय पळापळ झाली! धुणं धुणाऱ्या बाया पिळं टाकून धावल्या. पोरं उचलली गेली. म्हशी वरडाय लागल्या. एक कुत्रं सुदिक माणसांचं बघून कणगीमागं गेलं. धडाधड दारं लागली. आमची मोटर गावाच्या मधी आली तवा गावात चिटपाखरू न्हवतं. नुसती ओट्याला टेकून बायडाबाई बसलेली, गावातली सगळ्यात म्हातारी, डोक्यावर पालथं घमेलं.

मोटर बंद पडली.

"बघा," दानम्मा म्हणाली. तिचा आवाज एवढासा झालता. "इतक्या वर्सांनी आले, नि गाव दार लावून बसलं."

अण्णाप्पानं आपला हात बघितला. जणू तो दुसऱ्या कुणाचा हाय.

घमेल्याखालनं आवाज आला, "उडाला का गं सुरुंग?"

दानम्मा खाली उतरली. "न्हाय गं बायडाआत्ती. सुरुंग न्हाय. मी दानी आलीया."

"दानी?" घमेलं जरा वर झालं. "मग भोंगा कशाला गं बडवायचा? हाळी द्यायची की, मेले! माझं काळीज तोंडात आलं!"

शेजारचं दार उघडलं. केरबा. मिशा पांढऱ्या झालेल्या. हातात वासरू धरलेलं, गळ्याभवती दोन्ही हात. त्यानं बहिणीकडं बघितलं, मग तिच्या मागं.

"दाजी, ऱ्हायलेला डोंगर न्यायला आलासा व्हय?"

"हात चुकला, केरबा," अण्णाप्पा म्हणाला.

"हात तवा बी चुकलाच हुता."

दानम्मानं पदराची गाठ सोडली. "सोनं घे रं."

"हात मोकळं न्हाईत," केरबा म्हणाला.

खोटं. वासरू चार पायांवर गपगार उभं हुतं. त्यानंच त्याला धरलं हुतं, सुटू नये म्हणून. वासरू न्हवं, तो सोता.

दानम्माचा हात तसाच पुढं. केरबानं माझ्याकडं बोट केलं. "आधी ते काढा. ते गाडीवर असस्तवर माझ्या दारात पाय टाकायचा न्हाय."

अण्णाप्पानं पान्हा काढला. गंजलेले नट फिरता फिरंनात, बोटं सोलली, पण त्यानं मला काढलं. काखेत धरलं, चोराचा माल धरावा तसं. केरबानं बघून घेतलं. मग वासरू सोडलं नि म्हणाला, "चला वर. काय केलंसा ते बघा, नि आमी काय केलंय ते बी बघा."

केरबा पुढं, मधी आमी, मागं दानम्मा. सोन्याची पानं तिच्या मुठीत. एक एक दार उघडत गेलं नि गाव आमच्या मागनं चालाय लागलं.

आणि मी तो डोंगर बघितला. फोडलेली भिंत तशीच उभी, भाकरीवर भाकरी. पण प्रत्येक फटीतनं गवताची एक एक वळ. खाली आमची दगडाची खाण पावसाच्या पाण्यानं भरलेली, हिरवंगार, त्याच्यावर चतुर फिरत हुते. एका भेगंतनं उंबर आलता. तो कुणी लावला न्हवता, पाखरांचं काम. बाकीचं माणसांचं. बायांनी वढ्यातला गाळ पाट्यांनी वर वाहिला हुता. दगडांचे बांध घातले हुते, आमीच टाकून दिलेल्या दगडांचे. बांधाआड बेलाची, करंजाची रोपं, भवती बोरीच्या काट्या.

"अगोदर हितं मुंगी बी यायची न्हाय," केरबा म्हणाला. "पयल्या साली लावलेलं सगळं मेलं. दुसऱ्या साली थोडं जगलं. थोडं शेळ्यांनी खाल्लं. पण सोडलं न्हाय."

अण्णाप्पा बेलाच्या एका रोपाफुडं बसला. हात लावला न्हाय. नुसता बसला.

दानम्मा तिकडं चालत गेली जिथं झरा हुता. पण तिथं आता दगडच न्हवता. फोडून नेलेला. ती कडंला उभी ऱ्हायली नि तिनं हवेत बोट केलं. "हितं हुता."

हवेत, मित्रांनो. तिचा झरा हवेत हुता.

मग केरबा तिच्या शेजारी गेला. "अक्का, तिथं नगं बघू. खाली बघ."

खाली, भिंतीच्या बुडाला, दोन थरांच्या मधनं एक बारीक धार येत हुती. करंगळीएवढी. खाली कुणीतरी दगडाची कुंडी मांडलेली.

"कवा आला?" दानम्मानं विचारलं.

"गेल्या साली."

"गेल्या साली! नि मला सांगितलं न्हाईस?"

केरबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत हुता. "रोज म्हणायचो, जरा धार मोठी हुंदे. घागर भरंल एवढी हुंदे. मग जातो मुराळी. एवढूशा पाण्याला अक्काला कसं बोलवू?"

दानम्मानं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. चांगला जोरात. "मी काय हत्ती हाय व्हय रं, एवढूसं पाणी पुरायचं न्हाय मला?"

तेवढ्यात वरनं शेळ्या आल्या. बांध ओलांडून सरळ बेलाच्या रोपांवर. केरबा "हाड, हाड!" करून वरडला, पण त्याचं नरडं बसलेलं. रोज वरडून वरडून. अण्णाप्पा रोपाजवळच हुता. त्यानं मला उचललं नि एकदा दाबलं. कचकावून.

शेळ्या अशा उधळल्या की विचारू नका! नि त्याच वेळी खाली गावात, जे मागं ऱ्हायलं हुतं, त्यांची दारं परत धडाधड लागली.

केरबा खाली गावाकडं बघाय लागला. त्याची मिशी हालाय लागली. मग तो हसला. पोट धरून हसला, खाली बसून हसला. "दाजी," डोळं पुसत म्हणाला, "ह्येला हितं ठेवायचा तर आधी बायडाआत्तीला सांगाय लागंल. न्हायतर म्हातारी घमेल्यातच मरंल."

अण्णाप्पानं मला दोन्ही हातांनी पुढं केलं. केरबानं घेतलं. मग मला काखेत धरून तो खाली उतरला, त्यानं कुंडीत ओंजळ बुडवली, भरली, नि बहिणीफुडं धरली. अर्धं पाणी वाटंतच सांडलं.

"पी, अक्का."

ती पिली. मग ओंजळीतल्या वल्या हातावरच तिनं सोनं ठेवलं. पानं चिकटली. ह्या बारीला हात मोकळं हुते.

मी तिथंच ऱ्हायलो. गावानं कायदा ठरवला. एक आखूड हाक म्हंजे शेळ्या. एक लांब हाक म्हंजे कुंडी भरली, पाण्याला या. तीन हाका कधीच न्हाय. आणि मित्रांनो, पयल्या दिवशी केरबानं मला लांब दाबलं नि खालनं बाया घागरी घेऊन वर याय लागल्या. हसत, एकमेकींना ढकलत. मागनं पोरं पळत. माझ्याकडं! कर्ण्यांना गोंडे असतील, मला ही वरात पुरली.

अण्णाप्पाची मोटर मुकी झाली. पण वळणावर आला की तो तोंडानंच वरडायचा, "दानी आलीया रं!" नि दारं उघडायची. पंचमीला केरबा मुराळी व्हायचा, सगळ्यात आधी पेठेत हजर. एका पावसाळ्यात अण्णाप्पा गेला. मग दानम्मा लाल मोटारीनं एकटी याय लागली. वर चढायची, कुंडीचं पाणी प्यायची, मला पदरानं पुसायची. माझ्या फुग्यावर हात ठेवून बसायची, जिथं त्याचा हात असायचा.

शेवटच्या बारीला तिनं मला दाबलं तर नुसता वारा निघाला. फुगा भेगाळला हुता. तिनं कमरेचं फडकं काढलं. निळंच. मी वळखलं. मला वाटलं, परत तोंडात. पण तिनं ते फुग्याला घट्ट आवळून बांधलं नि दाबलं. घोगरा का हुईना, आवाज आला. खालनं एक बाई घागर घेऊन निघाली सुदिक.

त्यानंतर दानम्मा आली न्हाय. केरबाचं गुडघं गेलं, त्याला चढवत न्हाय. फडकं वाऱ्यानं सुटलं. आता धार मनगटाएवढी झालीय, रात्रंदिस वाहती, हाक मारायची गरज ऱ्हायली न्हाय. मला राग न्हाय. खोटं कशाला बोलू, जरा हाय.

मित्रांनो, तुमी जोतिबाला जाताना काळटेकावर आलासा, तर बेलाची फांदी मोडू नका. ती पाटी पाटी गाळावर वाढलीय. मला दगड मारून नेम धरू नका, फार तर माझा फुगा शिवा. कुंडीत पाय धुवू नका. आणि वळणावर तुमची मोटर आली की भोंगा जरूर वाजवा. एकच, लांब. आता कुणी दार लावून घेत न्हाय. केरबा ओट्यावर बसलेला असतो, तो काठी टेकून उठंल, अक्का आली का म्हणून वळणाकडं बघंल.

मी बी बघतो. मला हितनं सगळं दिसतं.